विंचवाचे बिऱ्हाड आणि मुलांची सुट्टी

एप्रिल सरता सरता वार्षिक परीक्षा संपतात आणि गावोगावची पोरे मोकळी सुटतात. महाडच्या नातेखिंडीतून रायगडाच्या वाटेला लागावे, तर नात्यापासून पुढे कोंझर-पाचाडपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना हीच पोरे दिसतात. कुणाच्या हातात करवंदांचा द्रोण, कुणाच्या खांद्यावर आंबे उतरवायचा झेला, कुणी उघड्या अंगाने गांधारीच्या डोहाकडे निघालेला. मे महिन्यात मुंबईहून चाकरमान्यांची मुले येऊन त्यांच्यात मिसळतात आणि मग घराघरात नुसता गलका उठतो. आपल्या घरचा हा सर्वांत आनंदाचा महिना.

शहरात मुलांसाठी उन्हाळी शिबिरे भरतात. मैदान आखलेले असते, देखरेखीला माणसे असतात. आपल्या मुलाचे तसे नाही. आपली कामाची जागा हीच त्याची खेळायची जागा. आपण राब भाजतो तिथे तो कवळाचे भारे ओढतो. आपण लाकूडफाटा रचतो त्या ढिगात त्याची विटी जाऊन पडते. पेंढ्याच्या उडवीवर तो घसरगुंडी खेळतो आणि गडग्याच्या फटीत हात घालून चेंडू काढतो. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की, उन्हाळ्यात मुलाची काळजी ही शेतीच्या कामांपासून वेगळी काढू नये. बियाणे, खते, नांगराची डागडुजी यांची यादी आपण करतो, त्याच यादीत मुलांच्या सुरक्षेची कामेही लिहावीत. ती थोडी आहेत आणि बहुतेक बिनपैशाची आहेत.

कृषी खात्याचा माणूस मुलांविषयी का लिहितो, असे कुणी विचारील. त्याला एक कारण आहे.

राबातला तो दिवस

माझे बालपण पोलादपूरकडच्या एका वाडीत गेले. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. शेजारच्या घरी राब भाजायचा होता. मोठी माणसे रान रचत होती आणि आम्ही मुले कवळाचे भारे ओढून आणून देत होतो. माझ्याच वयाच्या, शेजारच्या मुलाने एका भाऱ्याखाली हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटभर लांबीचा, लालसर विंचू पाचोळ्यात शिरताना आम्ही दोघांनीही पाहिला.

तो फार रडला नाही. “दुखतंय, पण जास्त नाही,” असे तो म्हणाला. मोठ्यांना हायसे वाटले. वेदना कमी, तेव्हा विषही कमी, असा हिशेब सर्वांनी केला. तरी भगताला बोलावणे गेले. त्याने मीठ मंतरले, चुना लावला, दंडाला दोरी आवळली. थोड्या वेळाने मुलाला दरदरून घाम सुटला. पाठोपाठ उलट्या झाल्या. “विष बाहेर पडतंय,” असे भगत म्हणाला आणि सर्वांनी मान डोलावली. हातपाय गार पडले, तेव्हा घोंगडी पांघरली. रात्री त्याला धाप लागली, खोकल्याबरोबर तोंडाला फेस आला. पहाटे डोली करून त्याला रस्त्याकडे नेले. डोली अर्ध्या वाटेवरून परत आली.

त्या रात्री त्या घरात जेवढी माणसे जमली होती, ती सर्व मायेची होती. कुणी हयगय केली नव्हती. जे ठाऊक होते ते सर्व केले होते. उणीव होती ती माहितीची. आणि खरे सांगायचे तर, त्या वर्षांत ही माहिती मोठमोठ्या रुग्णालयांतही नव्हती. ती सापडली ती नंतर, आणि तीही आपल्याच महाड-पोलादपूरच्या मातीत.

जगाने शिकलेला महाडचा धडा

१९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक तरुण डॉक्टर रुजू झाले. त्यांचे नाव डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या शेतकरी घरातला हा मुलगा. इथे आल्यावर त्यांनी पाहिले की, विंचू चावलेली धडधाकट मुले आणि माणसे दवाखान्यात येतात आणि डोळ्यांदेखत जातात. पुस्तकात तर विंचवाचा दंश म्हणजे नुसती वेदना, असेच लिहिलेले. डॉक्टरांनी पुस्तकावर भिस्त न ठेवता रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षण सुरू केले. घाम किती वेळाने येतो, नाडी कशी चालते, रक्तदाब कधी चढतो आणि कधी पडतो, हे सर्व ते टिपून ठेवू लागले.

पुढे एम. डी. होऊन मोठ्या शहरात दवाखाना थाटणे त्यांना सहज शक्य होते. ते पुन्हा याच मुलखात, पोलादपूरच्या सरकारी रुग्णालयात परतले. तिथे त्यांनी या दुखण्याचा माग काढला. लाल विंचवाचे विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर जाते, हे त्यांनी दाखवून दिले. रक्तदाब कमी करण्यासाठी वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी या विषाच्या परिणामावर उतारा ठरते, हा त्यांचा शोध. १९८६ साली लॅन्सेट या इंग्लंडमधल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात त्याविषयी त्यांचे लेखन आले आणि पोलादपूरचे उपचार जगभरच्या डॉक्टरांना कळले. प्राझोसिनच्या आधी गंभीर लक्षणे दिसणाऱ्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत असत. हे उपचार वेळेवर मिळू लागल्यावर ते प्रमाण शंभरात चारांच्याही खाली आले. पुढे महाडमध्येच ७० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, गोळीबरोबर विंचवाचे प्रतिविषही दिले तर रुग्ण आणखी लवकर बरा होतो, असे आढळले. तो अभ्यास २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलने छापला. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची साथ त्यांना बरोबरीने लाभली.

माझ्या सवंगड्याला त्या रात्री हवी होती ती एक गोळी. आज ती आहे. मूल तिच्यापर्यंत वेळेत पोहोचवणे एवढेच आपल्या हाती उरले आहे.

विष शरीरात काय करते?

हे आपल्या पाण्याच्या पंपावरून समजून घेऊ. पंप पूर्ण जोराने चालू आहे आणि पुढच्या नळाची चावी कुणीतरी आवळत नेली, तर काय होईल? पाइपात दाब चढेल, पंपावर ताण येईल, तो तापेल आणि शेवटी बसेल. हृदय हा शरीरातला पंप. लाल विंचवाच्या विषाने शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात. म्हणून हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदय जोर लावून लावून थकते. मग रक्त पुढे सरकत नाही, फुप्फुसात पाणी साचते, धाप लागते आणि फेस येतो. प्राझोसिन आवळलेली चावी सैल करते. पण पंप जळून गेल्यावर चावी सैल करून काय उपयोग? म्हणून वेळेला एवढे महत्त्व.

मुलांना धोका जास्त का, हेही उघड आहे. विंचवाच्या नांगीतले विष तेवढेच. ते साठ किलोच्या गड्याच्या अंगात भिनले तर एक गोष्ट आणि बारा किलोच्या मुलाच्या अंगात भिनले तर दुसरी.

आणखी एक गैरसमज सोडला पाहिजे. काळी, मोठी, जाड चिमट्यांची इंगळी पाहून आपण दचकतो. ती दिसायला भयंकर असली तरी सहसा जिवावर बेतत नाही. त्याहून लहान, लालसर किंवा तपकिरी, बारीक चिमट्यांचा आणि जाड शेपटीचा विंचू जास्त घातकी. शिवाय वेदनेवरून विष मोजू नये. नुसत्या असह्य वेदना आहेत आणि बाकी काही नाही, असे मूल पुष्कळदा लवकर सावरते. वेदना थोड्या, पण घाम आणि उलट्या सुरू झाल्या, तर ते मूल संकटात आहे असे समजावे.

भगताचे मंत्र लागू पडतात असे लोकांना का वाटते, तेही इथेच उमगते. पुष्कळ विंचू घातकी नसतात आणि घातकी विंचवाचाही प्रत्येक डंख विषाने भरलेला नसतो. अशा वेळी वेदना सकाळपर्यंत आपोआप उतरते आणि श्रेय मंत्राला मिळते. जे मूल जाते, त्याचे मात्र ‘आयुष्यच तेवढे होते’. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप, विंचू यांच्या दंशावर वैद्यकीय उपचार घेऊ न देता मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा मी एवढेच सुचवीन की, भगत आपल्याच गावचा माणूस आहे. त्याला आधीच विश्वासात घ्यावे. “बाबा, तू अंगारा लाव, पण गाडीत बसून लाव,” असे एकदा एका सरपंचांनी भगताला सांगितल्याचे मी ऐकले आहे. त्या गावात तेव्हापासून वेळ वाया जात नाही.

विंचू कुठे असतो?

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे आपण म्हणतो. विंचवाची मादी पिल्ले जन्मली की त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. तेव्हा घराजवळ एक विंचू सापडला म्हणजे एकच आहे, असे धरू नये. तो दिवसा गारव्याला, अंधारात दडतो आणि दिवेलागणीनंतर किडे खायला बाहेर पडतो. दगड, चिरे, कौलांचे ढीग, सरपण, गोवऱ्या, सुटलेली झाडाची साल, पेंढा, भिंतीच्या भेगा या त्याच्या आवडीच्या जागा. कडक उन्हाळ्यापासून पहिल्या पावसापर्यंत आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत दंशाच्या घटना वाढतात. नेमक्या याच दिवसांत आपण हे ढीग उपसत असतो आणि मुले आपल्या हाताखाली असतात.

आता घरची कामे सांगतो.

पहिले काम ढिगांचे. सरपण, गोवऱ्या आणि चिरे घराच्या भिंतीला टेकून रचू नयेत. अंगणापासून पंधरा-वीस पावले दूर, दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून हातभर उंच रचावे. स्वयंपाकाला लागणारे सरपण दिवसाउजेडी काढून ठेवावे. ‘जा रे, दोन लाकडं घेऊन ये’ असे मुलाला तिन्हीसांजेला सांगू नये.

दुसरे काम भिंतींचे. पडवी, न्हाणी आणि ओटी यांच्या भेगा सिमेंटने किंवा निदान माती-शेणाने मेपूर्वी लिंपून घ्याव्यात. गुळगुळीत पृष्ठभागावर विंचवाला चढता येत नाही. ज्यांना शक्य आहे, त्यांनी घराच्या जोत्याला बाहेरून वीतभर उंचीची गुळगुळीत फरशी लावून घ्यावी.

तिसरे काम अंथरुणाचे. उन्हाळ्यात मुले अंगणात आणि पडवीत झोपतात. जमिनीवर झोपवण्यापेक्षा खाटेवर झोपवावे आणि खाट भिंतीपासून दूर ठेवावी. मच्छरदाणी लावून तिची कड गादीखाली खोचावी. डासही टळतात आणि विंचूही. पांघरूण जमिनीवर लोळू देऊ नये. अंथरूण घालताना आणि काढताना झटकावे.

चौथे काम सवयीचे. चप्पल-बूट पालथे करून, आपटून मगच पाय घालावा. दोरीवरचे कपडे झटकून अंगात घालावेत. जूनमध्ये शाळा सुरू होताना महिनाभर खुंटीला टांगलेले दप्तर बाहेर उजेडात उपडे करावे. गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, काठीने चेंडू काढायचा, हे मुलाला रागावून नव्हे, करून दाखवून शिकवावे. मोठ्यांनी तसे केले की मुले आपोआप करतात.

पाचवे काम कोंबड्यांचे. परसातल्या कोंबड्या किडे आणि विंचू टिपतात. दहा-बारा गावठी कोंबड्या पाळल्या तर अंडीही मिळतात आणि आवारही राखले जाते.

आजकाल जांभळा प्रकाश देणारी अतिनील टॉर्च बाजारात मिळते. अंधारात तिचा झोत पडला की विंचू हिरवट-निळा चमकतो. गावच्या तरुण मंडळाने अशा दोन टॉर्च घेऊन मे महिन्यात वस्तीची पाहणी केली, तर मोठे काम होईल. फक्त तो झोत कुणाच्या डोळ्यांवर मारू नये आणि मुलांच्या हाती टॉर्च देऊ नये. विंचू मारायला म्हणून शेतातले कीटकनाशक मात्र घरात फवारू नका. विंचवापेक्षा ते विष मुलांना लवकर बाधेल.

राबाविषयी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कवळ, गवत, शेण रचून जमीन भाजण्याची आपली जुनी रीत. पण गादीवाफा करून, बियाण्याला बीजप्रक्रिया करून आणि शेणखत मिसळून राब न भाजताही जोमदार रोपे होतात. झाडाच्या फांद्या वाचतात, आग लागण्याचे भय जाते आणि महिनोन्महिने रचून ठेवलेले कवळाचे ढीगच राहत नाहीत. ज्यांना राब भाजायचाच आहे, त्यांनी भारे आधी लांब काठीने उलथावेत आणि मुलांना त्या कामाला लावू नये.

विंचू चावलाच तर

नात्याच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत काही वर्षांमागे मी पिकांच्या पाहणीला गेलो होतो. परतायच्या वेळी एका घरातून आरडाओरड झाली. सहा वर्षांच्या मुलीच्या पायाला विंचू चावला होता. आजी म्हणाली, “आधी भगताला बोलवा.” मुलीची काकी पुढे झाली. “आत्याबाई, भगताला मागनं बोलवू. पयली गाडी काढा.” काकीने मुलीला कडेवर घेतले, दीर मोटारसायकल घेऊन आला, आजीने वाटेत तोंडात घालायला म्हणून हळद पुढे केली ती तिने हातानेच परतवली. मी घड्याळ पाहिले. चावल्यापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत चाळीस मिनिटे. तिथे पोहोचेपर्यंत मुलगी घामाने भिजली होती आणि दोनदा ओकली होती. डॉक्टरांनी गोळी दिली, रात्रभर झोपवून ठेवले. दुसऱ्या दिवशी मी चौकशीला गेलो, तर ती आजीच्या मांडीवर बसून बिस्कीट खात होती. आजी माझ्याकडे पाहून म्हणाली, “सायेब, सुनेनं माजं ऐकलं नाय, म्हनून बरं झालं.”

त्या काकीने केले तेच करावे. मुलाला धीर द्यावा, त्याला पळवू-चालवू नये, उचलून न्यावे. दंशाची जागा साबण-पाण्याने धुवावी. पायातले तोडे, बोटातली अंगठी काढून घ्यावी. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. वेदनेवर थंड पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही. जागेवर चिरा मारू नये, तोंडाने चोखू नये, दोरी आवळू नये, डाग देऊ नये. दारू किंवा पाला काही पाजू नये. विंचू शोधत बसू नये. उलटी होत असेल तर मुलाला कुशीवर झोपवावे.

घाम, उलटी, लाळ गळणे, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, मुलग्याच्या इंद्रियाला ताठरपणा येणे, धाप, खोकला ही धोक्याची चिन्हे. पण ती दिसण्याची वाट पाहू नये. लहान मूल असेल तर चावल्याबरोबर निघावे. अंगावरचे मूल सांगू शकत नाही. ते रात्री एकाएकी किंचाळून उठले, घामाघूम झाले, ओकले, तर आधी दिवा लावून अंथरूण पाहावे आणि दवाखाना गाठावा.

१०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा आणि घरचे वाहन तयार असेल तर ते आधी काढावे. प्राझोसिनची गोळी घरी आणून ठेवू नये आणि आपल्या मनाने देऊ नये. तिने रक्तदाब एकदम पडू शकतो. गोळी किती, किती वेळाने, हे मुलाचे वजन पाहून डॉक्टर ठरवतात आणि गोळीनंतर मुलाला आडवेच ठेवावे लागते. सापाच्या दंशालाही हाच नियम. आपल्याकडे फुरसे पुष्कळ आणि तेही दगडाखालीच असते. त्यावरची लस दवाखान्यातच मिळते.

डोह आणि शेततळे

विंचवाइतकेच सावध राहावे ते पाण्याशी. रायगडाच्या एका अंगाने गांधारी आणि दुसऱ्या अंगाने काळ नदी वाहते. उन्हाळ्यात या नद्या आटून डोहांपुरत्या उरतात. वरून पाणी शांत दिसते, पण गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्यावर पाणी जाते. गावच्या मुलांना कुठला डोह कसा आहे ते माहीत असते. मुंबईहून आलेल्या भावंडांना ते माहीत नसते आणि भावासमोर कमीपणा नको म्हणून तीही उडी घेतात. तेव्हा पाहुणी मुले आली की पहिल्याच दिवशी घरच्या मोठ्याने त्यांना नदीवर नेऊन कुठवर जायचे ते दाखवावे. पोहणारा मोठा माणूस काठावर असल्याशिवाय पाण्यात जायचे नाही, हा नियम सर्व घरांनी मिळून करावा. एका घरचा नियम टिकत नाही, वाडीचा टिकतो.

पोहणे शिकवणे हाच खरा उपाय. कमरेला रिकामा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बांधून कमी पाण्यात आठ-दहा दिवस शिकवले की बहुतेक मुले तरंगू लागतात. मुलींनाही शिकवावे. डबा हा शिकण्यापुरता आधार आहे, त्याच्या भरवशावर खोल पाण्यात सोडू नये.

ज्यांच्याकडे प्लास्टिकचा कागद अंथरलेले शेततळे आहे, त्यांनी अधिक जपावे. तो उतार शेवाळाने निसरडा होतो. पोहता येणाऱ्या मोठ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. तळ्याला कुंपण आणि कडी लावावी. चारही बाजूंना गाठी मारलेला दोर किंवा दोराला बांधलेले जुने टायर पाण्यापर्यंत सोडून ठेवावेत.

कुणी बुडताना दिसले तर घाबरून उडी घेऊ नये. दोर, बांबू, साडी किंवा रिकामा डबा फेकावा. बाहेर काढलेल्या मुलाला उलटे टांगू नये, डोक्यावर घेऊन गरगर फिरवू नये. श्वास चालत नसेल तर पाठीवर सपाट झोपवून, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावा आणि छाती दाबावी. दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबू नये. हे करून दाखवायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना ग्रामसभेत बोलवावे.

उन्हाचेही दोन शब्द. दुपारी बारा ते चार मुलांना सावलीत ठेवावे. रानात जाताना पाण्याची बाटली द्यावी. घरी पन्हे, कोकमाचे सरबत, ताक द्यावे. मूल सुस्त झाले, बरळू लागले, अंग तापले, तर सावलीत नेऊन अंग ओल्या फडक्याने पुसावे, वारा घालावा आणि दवाखाना गाठावा.

एक संध्याकाळ मुलांसाठी

तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपले वाडवडील सांगत. म्हणून सुट्टी लागण्यापूर्वी एक संध्याकाळ काढा. घरच्या सर्वांनी बसून चार गोष्टी ठरवा. रात्री-अपरात्री गाडी कुणाची मिळेल? गाडीत तेल असते का? कोणता दवाखाना रात्री उघडा असतो आणि विंचवाचे उपचार तिथे होतात का? घरात पुरुषमाणूस नसेल तर निर्णय कुणी घ्यायचा? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. मूल चावले तेव्हा आई घरी असते, पण ‘हे आले की विचारते’ म्हणून ती थांबते. तिला कुणाला विचारावे लागू नये. दवाखान्याचा आणि गाडीवाल्याचा फोन नंबर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने का होईना, लिहून ठेवा.

याच नाते गावात १४ जानेवारी १८९६ रोजी चिंतामणराव देशमुख जन्मले. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. पाळण्यातले मूल उद्या काय होईल, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेले दिसत नाही. माझा तो सवंगडी हिशेबाला माझ्यापेक्षा हुशार होता. आम्ही दोघे मिळून करवंदे वाटून घ्यायचो, तेव्हा त्याची मोजणी कधी चुकत नसे.

परवा नात्याच्या वाटेवर त्या मुलीची काकी भेटली. अंगणातले सरपण दूर हलवून ती फळ्यांवर रचत होती. मुलगी आता मोठी झाली आहे. ती शेजारी उभी राहून चप्पल आपटत होती. मला पाहून हसली आणि म्हणाली, “काका, तुम्ही पण बूट झटकून घाला हां!”